गिरणवाल्या आक्का परिषदेला जातात

मार्गासनीच्या पुढं वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्या दहा-बारा वाड्या आहेत, त्यांतल्या प्रत्येक घराची खरी हकिकत जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होती, आणि ती व्यक्ती म्हणजे आमच्या गिरणवाल्या आक्का. कुणाची जमीन किती हे तलाठ्याच्या दप्तरात असेल, कुणाची मुलं किती हे शाळेच्या हजेरीत असेल, पण कुणाच्या घरात आज काय चाललंय हे कळायचं ते आक्कांच्या पिठाच्या गिरणीत, आणि तेही कुणी काही बोलण्याआधी. आलेल्या डब्याचं झाकण काढायचं, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, हलकी फुंकर मारायची आणि निकाल द्यायचा, ही त्यांची पद्धत. ज्वारीवर फडक्यात वेगळे बांधलेले तांदूळ दिसले की विचारायच्या, "कोण यायचंय पोरीला बगाया?" नाचणीत खडे सापडले की म्हणायच्या, "सून माह्येरी गेलेली दिसती. सासूला काय आता खडा दिसत न्हाई." एकदा एक गडी डोक्यावरून डबा घेऊन आला. आत दोन पुरचुंड्या. आक्कांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "चुली दोन मांडल्या व्हय रं? आय कुनाकडं जेवती?" भावाभावांची वाटणी आदल्या संध्याकाळी झाली होती आणि त्यानं ती सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगितली नव्हती.

मी पाचवीला भोरच्या वसतिगृहात गेले तेव्हाही हेच झालं. आमच्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून वडिलांनी ती गोष्ट चार दिवस कुणाला सांगितली नव्हती. मुलगी आठवड्यात रडत परत आली तर हसं नको, असा त्यांचा हिशेब. पण आईचा डबा नेहमीपेक्षा चार बोटं रिकामा पाहून आक्का म्हणाल्या, "पोरगी गेली म्हन की भोरला. बरं झालं. लवकर आनू नको तिला." आणि पुढची कित्येक वर्षं, आधी भोरला आणि मग कॉलेजसाठी पुण्याला, एसटीच्या कंडक्टरबरोबर नाचणीच्या पिठाची एक पिशवी माझ्यासाठी येत राहिली. पिशवीला चिठ्ठी नसायची, कारण आक्कांना लिहिता येत नव्हतं. पीठ मात्र असं असायचं की वसतिगृहातली स्वयंपाकीणबाई पिशवी सोडताना हात पुसून घ्यायची.

दिसायला आक्का कशा होत्या हे मला नीटसं सांगता येणार नाही, कारण पिठाशिवायच्या आक्का मी फारशा पाहिल्याच नाहीत. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळीत पीठ. लग्नाला जाताना त्या चांगलं डोकं धुऊन, हिरवी इरकल नेसून निघायच्या, आणि तरी मांडवात कुणाच्या खांद्याला खांदा लागला की त्या लुगड्यावर पांढरा पट्टा उमटायचा. आवाज मात्र विसरता येण्यासारखा नव्हता. गिरणीचं इंजिन जुनं, तेलावर चालणारं. त्याच्या धडधडाटात बोलून बोलून आक्कांना हळू बोलणं म्हणजे काय तेच आठवेनासं झालं होतं. कुणाच्या घरी दुखवट्याला गेल्या की ओसरीवर बसून "लई वाईट झालं" असं इतक्या मोठ्यानं म्हणायच्या की पलीकडच्या आळीतले लोकही मान हलवायचे. कानात सांगायची गोष्ट त्यांनी कानात सांगितली तर ती गावाला कळायचीच, फक्त ज्याच्या कानात सांगितली त्याचा कान दोन दिवस दुखायचा.

हे इंजिन त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, पुण्याहून ट्रकवर घालून आणलं होतं. ते गेले तेव्हा दिरानं आणि भावकीनं इंजिन विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक बघायला आलं त्या दिवशी आक्कांनी पदर खोचला, हँडल मारलं, इंजिन सुरू केलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "चालतंय न्हवं? मग इकायचं कशाला?" तेव्हापासून हँडल त्यांच्या हातात. गिरणीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायची, ते काम बायका करत नाहीत. आक्का मांडी घालून तेही करायच्या. इंजिनाशी त्या सुनेशी बोलावं तसं बोलायच्या. "उठा आता. तोंड वाकडं करून कुनाला दावताय?" एरवी ते ऐकायचं. पण म्हातारं झालं होतं. आषाढात हवा दमट झाली की बसायचं, आणि भोरहून मिस्त्री यायला तीन-तीन दिवस लागायचे. त्या तीन दिवसांत दहा-बारा वाड्यांतल्या बायका पुन्हा पहाटे जात्यावर.

आक्कांचा एक नियम होता आणि तो गिरणीच्या दगडाहून कठीण होता. डबे रांगेत लावायचे. ज्याचा डबा पुढं त्याचं दळण आधी. माणूस तिथं असो नसो, डबा असला की माणूस असल्यासारखंच. बाई डबा ठेवून पाण्याला जाऊ दे, मूल निजवायला जाऊ दे, तिचा नंबर कुणी घ्यायचा नाही. पण कुणी आणखी पायलीभर ज्वारी टाकायला म्हणून डबा उचलून घरी नेला, तर परत आल्यावर रांगेच्या शेवटी. कामथडीहून आलेल्या सख्ख्या बहिणीचा डबासुद्धा त्यांनी असा शेवटी लावला होता, आणि ती बहीण दोन वर्षं बोलत नव्हती. आमची वस्ती बौद्धांची. दुसऱ्या एका गावच्या गिरणीत आमचं दळण सगळ्यांचं झाल्यावर, दिवस कलताना घ्यायची रीत होती, हे मी आईकडून ऐकलं होतं. आक्कांच्या गिरणीत गावच्या मोठ्या घरचा गडी एकदा आमच्या डब्यापुढं डबा ठेवायला लागला. आक्कांनी तो उचलून मागं ठेवला. गडी म्हणाला, "आक्का, वाड्यावरचं हाय." आक्का म्हणाल्या, "इंजिनाला जाऊन सांग. त्येला कळलं तर मी बी ऐकंन." आई ही गोष्ट सांगायची तेव्हा शेवटचं वाक्य आक्कांच्याच आवाजात सांगायची, आणि एरवी माझी आई कधी मोठ्यानं बोलायची नाही.

मी बी.ए. होऊन भोरला शाळेत लागले त्या सुमाराची गोष्ट. विजेचे खांब मार्गासनीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. आक्कांची गिरणी तिथून फार तर दीड मैल. वीज आली तर मोटर बसणार, नाही तर इंजिन आणखी एखादा पावसाळा काढेल, मिस्त्री तसं स्पष्ट बोलून गेला होता. आक्कांच्या सांगण्यावरून मी विजेच्या कचेरीत तीन अर्ज लिहून दिले. तिन्ही अर्जांवर खाली आक्कांचा अंगठा होता, आणि उत्तर आलं ते आक्कांच्या मालकांच्या नावानं, पुढं 'श्री.' लावून. आक्कांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "पंद्रा वर्सं झाली त्येंला जाऊन," त्या म्हणाल्या, "आनि अजून कचेरी त्येंच्याशीच बोलती. माझ्याशी कोन बोलनार?"

अशात वेल्ह्याची ग्रामसेविका छापील पत्र घेऊन गिरणीत आली. पुण्याला उद्योग-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची मोठी परिषद होती, जिल्ह्याजिल्ह्यांतून बायका येणार होत्या, आणि आमच्या भागातून तिनं आक्कांचं नाव दिलं होतं. सरकारातल्या एक मोठ्या बाई प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. दुपारच्या बैठकीत ज्यांना बोलायचं त्यांना पाच मिनिटं मिळणार होती. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या मोठ्या बाई दुपारच्याला आसत्याल?" ग्रामसेविका म्हणाली, असतील. "मग येते," आक्का म्हणाल्या. परिषदेच्या दिवशी इंजिन बंद राहील अशी दवंडी गावात पिटली गेली. सोबत म्हणून मी. चौथा अर्ज लिहून, घडी करून, मी पर्समध्ये ठेवला. आक्कांनी हातात घेतला तांदळाच्या ताज्या पिठाचा डबा, झाकणाला दोरी बांधलेला. मोठ्या माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं.

परिषदेचा मंडप केवढा होता हे सांगायचं तर आमची अख्खी वाडी जनावरांसकट त्यात बसली असती. दारातच एका मुलीनं आक्कांच्या पदराला रेशमी फीत टाचली. आक्का तिला म्हणाल्या, "ही परत द्यायची का र्‍हाऊ द्यायची?" मुलगी म्हणाली, "ठेवा, तुमचीच आहे." त्या फितीवर छापलं होतं 'उद्योजिका'. मी वाचून दाखवलं. आक्कांनी शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला आणि सोडून दिला. आत बायका एकमेकींना आपापले उद्योग सांगत होत्या. कुणाचा छापखाना, कुणाचा औषधांचा कारखाना, कुणाची रोपवाटिका. चष्मा लावलेल्या एक बाई आक्कांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी फार अगत्यानं विचारलं, "आपल्याकडे कामाला किती माणसं?"

"दोगं. एक मी, एक इंजिन."

"आणि अडचणी काय येतात?"

"इंजिनाला इचारा. मला काय न्हाई."

बाई हसल्या. मलाही हसू आलं, पण आक्का गंभीर होत्या. सकाळभर त्या पुढं वाकून ऐकत होत्या. भाषणं पुस्तकी मराठीत होती, मधूनमधून इंग्रजी. अर्ध्या गोष्टी मी त्यांना समजावून सांगत होते, आणि त्या "व्हय" म्हणायच्या तेव्हा मागच्या तीन रांगा वळून बघायच्या. एका बाईंनी सांगितलं की बँकेतला साहेब त्यांना विचारतो, तुमचे यजमान कुठं आहेत. आक्कांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हिला बी त्येच," त्या म्हणाल्या. एवढी शिकलेली, सोन्याचं घड्याळ घातलेली बाई, आणि तिलाही तेच, याचं त्यांना किती नवल वाटलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांची भीड गेली.

दुपारी जेवण झाल्यावर व्यासपीठाजवळच्या टेबलावर नावं घ्यायला सुरुवात झाली. मी आक्कांचं नाव लिहून दिलं. वहीवाली मुलगी म्हणाली, सातवा नंबर, पुकारू. आक्कांचं समाधान होईना. "नाव लिव्हलंय, पन नाव कुनाला दिसतं?" असं म्हणून त्या व्यासपीठाच्या पायऱ्यांशी गेल्या. पहिल्या पायरीवर कुणाची तरी पर्स होती. तिच्या मागं त्यांनी आपला डबा ठेवला, झाकण एकदा दाबलं आणि मोकळ्या झाल्या. मी म्हणाले, "आक्का, इथं असं नसतं हो." त्या म्हणाल्या, "रांग सगळीकडं रांगच आस्ती." आणि मंडपाच्या कडेला प्रदर्शन होतं तिकडं चालू लागल्या, कारण तिथं विजेवर चालणारी एक लहानशी चक्की मांडलेली त्यांनी सकाळीच हेरली होती.

मी खुर्चीवरच बसून राहिले. मलाही वाटलं, सात नंबर यायला वेळ आहे. पण आक्कांच्या आधीच्या दोन बायका आल्याच नव्हत्या आणि एकीला व्यासपीठावर चढल्यावर बोलवेना, ती नमस्कार करून उतरली. बघता बघता आक्कांचं नाव पुकारलं गेलं. मी धावले. आक्का चक्कीपाशी उभ्या होत्या, बोटांत पीठ चोळत होत्या आणि विकणाऱ्या तरुणाला समजावत होत्या की दगड फार जवळ आलेत, पीठ जळतंय. तो बिचारा माना डोलावत होता. मी त्यांना हाताला धरून आणलं तोवर दुसरं नाव पुकारून झालं होतं. जुन्नरकडची एक बाई, सुपं-टोपल्या विणून बाजाराला नेणारी, पायऱ्यांशी उभी होती. अध्यक्षबाई फार भल्या होत्या. त्यांनी आक्कांना पाहिलं आणि ध्वनिक्षेपकातूनच म्हणाल्या, "या, या. तुमचं नाव आधी होतं. त्या थांबतील मिनिटभर."

आक्कांनी पायरीकडं पाहिलं. पर्स होती. डबा नव्हता.

मागाहून कळलं की एका स्वयंसेविकेनं तो आचाऱ्यांचा समजून स्वयंपाकाच्या मांडवात नेऊन दिला होता. पण त्या वेळी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आक्का क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग त्या आवाजात, ज्याला ध्वनिक्षेपक लागत नव्हता, म्हणाल्या, "माजा डबा रांगेत न्हाई. आता नंबर हिचा. मी शेवटाला बोलते." आणि त्या टोपल्यावाल्या बाईच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला पायरी चढवली.

मी त्यांना बाजूला घेतलं. खरं तर भांडलेच. "आक्का, पाहुण्या चारला निघणार आहेत. अजून नऊ नावं आहेत. त्या स्वतः बोलवतायत ना तुम्हाला. डबा कुणी तरी उचलला, त्यात तुमची काय चूक?"

"चूक कुनाची आसंना. डबा न्हाई."

"विजेचं काय मग?"

वीज त्यांना माझ्यापेक्षा जास्त हवी होती. सासवा-सुनांच्या, लेकींच्या किती पहाटा त्या एका तारेवर टांगलेल्या होत्या हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. मग त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात प्रथमच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं, "पोरी, म्या हितं पुढं घुसले, तर उद्या गिरनीत वाड्यावरच्या गड्याला काय सांगू?"

मी मधल्या वाटेच्या कडेला एका खुर्चीवर जाऊन बसले.

एकेक बाई बोलत राहिली. चारच्या सुमारास चहा आणि भजी आली. पाहुण्याबाईंनी दोन भजी खाल्ली, शेजारणीला म्हणाल्या, "छान कुरकुरीत झालीत," आणि घड्याळ बघून उठल्या. त्या मधल्या वाटेनं निघाल्या. मी वाटेच्या कडेलाच होते. पर्समधला अर्ज मी हातात काढून धरला होता, काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून झालं होतं. त्या समोर आल्या. मी उभी राहिले आणि नमस्कार केला. त्यांनीही हसून नमस्कार केला. मग त्या गेल्या. नमस्कारासाठी हात जोडले तेव्हा अर्ज दोन तळहातांच्या मधे चुरगळला होता. बी.ए. झाले होते, वर्गात पन्नास मुलांपुढं रोज बोलत होते, आणि ज्या बाईनं मला पीठ पुरवून शिकवलं तिच्यासाठी एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

आक्कांचा नंबर आला तेव्हा खुर्च्या घडी करायला सुरुवात झाली होती. ध्वनिक्षेपकवाला तार गुंडाळत होता. तीस-चाळीस बायका असतील, त्यांतल्या काही एसटीची वेळ बघत पिशव्या आवरणाऱ्या. आक्का व्यासपीठावर गेल्या, पदर नीट केला आणि बोलल्या. "मी दळान दळते. खांब मार्गासनीला आलाय, माज्या गिरनीपत्तुर यायला पायजे. इंजिन म्हातारं झालंय. ते बसलं की आमच्या बाया जात्यावर बसत्यात, आनि लेकुरवाळीला पाटंचं जातं वडनं काय असतं ते तुमाला सांगायला नको. कागद तीनदा दिलं. उत्तर माज्या मालकांला येतं, आनि ते तर न्हाईत. मी हाय. एवडंच सांगायचं व्हतं." तार गुंडाळणारा थांबून बघत होता. खुर्च्या उचलणारी माणसंही थांबली. तेवढ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टोपल्यावाली बाई, जिची एसटी केव्हाच निघून गेली असणार, ती सर्वांत शेवटपर्यंत वाजवत राहिली.

डबा घ्यायला आम्ही स्वयंपाकाच्या मांडवात गेलो. तो धुऊन उपडा घातलेला होता. आचारी म्हणाला, "तुमचं होय पीठ? भज्यात घातलं. काय पीठ होतं बाई." आक्का एवढ्या खूश झाल्या की त्यांनी त्याला तिथल्या तिथं तांदूळ भिजवून वाळवण्याची रीत सांगितली. एसटीत बसल्यावर मी त्यांना माझं कबूल करून टाकलं. "आक्का, त्या माझ्या समोरून गेल्या. मी नुसता नमस्कार केला."

"क्येलास न्हवं नमस्कार? मग झालं," त्या म्हणाल्या. नसरापूर गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "नवी हायेस अजून. हाँडल पयल्यांदा मारलं तवा माजा बी हात मागं आला व्हता." मागच्या बाकावरचे दोघे हँडल कसलं म्हणून बघू लागले.

वीज आली, पण चार वर्षांनी, आणि कुणाच्या सांगण्यावरून आली हे कुणालाच ठाऊक नाही. त्या चौथ्या अर्जानंतर मी आणखी बरेच लिहिले, आणि पुढं पुढं स्वतः कचेरीत नेऊन देऊ लागले, साहेब भेटेपर्यंत बाकावर बसून राहू लागले. पण त्यानं आली असंही मी म्हणणार नाही. इंजिन मात्र तेवढी वर्षं टिकलं नाही. पुढच्याच आषाढात ते बसलं ते बसलं. मिस्त्री येऊन गेला आणि पैसे न घेता गेला, तेव्हाच आक्कांना कळलं.

त्या महिन्यात मी दोन दिवसांची रजा घेऊन घरी आले होते. पहाटे जाग आली ती जात्याच्या आवाजानं. आमच्या घरात तो आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता. जातं धान्याच्या कणगीमागं पडून होतं, ते आईनं ओढून काढलं होतं. मला वाटलं आई एकटी असेल, म्हणून हातभार लावायला उठले. बाहेर आले तर ओसरीवर चिमणी जळत होती आणि आईच्या समोर आक्का बसल्या होत्या. दोघींनी एकच खुंटा धरला होता. पहाटे उठून एकेका वाडीत एकेका घरी जायचं आणि दळू लागायचं, असं आक्कांनी इंजिन बसल्यापासून सुरू केलं होतं, हे आईनं मला नंतर सांगितलं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं तरी ऐकत नव्हत्या. गिरणी बंद असली तरी दळण आपल्याकडंच आहे, असं त्यांचं म्हणणं.

मला पाहून आई खुंटा सोडून उठायला लागली, शिकलेल्या लेकीला बसायला जागा द्यावी म्हणून. आक्कांनी तिला खाली बसवलं आणि स्वतः सरकल्या. "धर," त्या मला म्हणाल्या. मी धरला. तीन हातांना तो खुंटा पुरत नव्हता, माझी बोटं आक्कांच्या बोटांवर आली. त्यांच्या तळहातावरचे घट्टे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. जातं फिरत राहिलं, आणि उजाडेपर्यंत आम्हां तिघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या.